मामाच्या गुडघ्यांची तपासणी

अन्याय माझ्या मामावर झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, अकोल्यात एका डॉक्टरच्या ओसरीवर. मी तिथं हजर होतो.

मामा चांद्याकडं कोळशाच्या खाणीत होता. कोळशाचा थर कमरेइतका उंच, म्हणून माणूस दिवसभर उकिडवा बसून कुदळ मारतो. बारा वर्षांत त्याचे गुडघे पार आखडले. खाणीच्या तोंडाशी दिवे पुसायची जागा रिकामी झाली होती. मॅनेजर म्हणाला, गुडघे गेल्याची डॉक्टरची चिठ्ठी आण, जागा तुझी. सुटी मिळाली चार दिवस.

अकोल्याजवळ आमच्या मळ्यात आल्यावर आईनं त्याच्यापुढं मेथी टाकली. मेथी निवडून झाली, गवार मोडून झाली, तरी हा जागचा हलेना. भावाला घरच्या कामाची किती ओढ, म्हणून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आणखी एक टोपली ओतली.

डॉक्टरांनी आम्हाला तासभर थांबवलं. बाकावर दोन वकील होते, तेव्हा मामा सवयीनं उकिडवा बसला. डॉक्टर आतून पाहत होते. बाहेर आले तरी मामा उठला नाही, याचा राग वेगळाच. मी मजुरांच्या हक्कांपासून सुरुवात केली. मला पत्रकं लिहायची सवय. मी गुडघ्यांपर्यंत पोचायच्या आत त्यांनी टाक उचलला.

"मला पाच मिनिटं असं बसता येत नाही. हा तासभर बसतो. गुडघे उत्तम."

मामानं बसल्याबसल्याच चिठ्ठी घेतली, वर नमस्कारही केला. मग एका बगलेत मी, दुसऱ्या बगलेत टांगेवाला, असा आम्ही त्याला मुळ्यासारखा उपटला. गुडघे असे वाजले की घोडं दचकलं.

"मामा, तू बोलला काऊन नाई?"

"बसता येते तं येते, बाप्पा. उठता येते का, हे त्यानं इचारलंच नाई."

मी तसाच आत शिरलो. म्हटलं, त्याला उठताना पाहा. डॉक्टरांनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाले, तो तर उभाच आहे. पुन्हा बसवून दाखवतो म्हटलं, तर मामानंच हात जोडले.

मामा पुन्हा खाली खाणीत गेला. दिवे पुसायला दुसरा कोणी लागला. त्याचे गुडघे कसे होते कोण जाणे. पण ती जागा परत रिकामी होतेय, आणि मामा दिवाळीत येतोय. मॅनेजर म्हणतो, पहिली चिठ्ठी ज्यांची, दुसरीही त्याच डॉक्टरांची लागणार.

तर वाचणाऱ्यांनो, हळहळू नका. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्या ओसरीवर या. आपण सगळे मामाला खाली बसवू, आणि तो उठून उभा राहीपर्यंत डॉक्टरांना टाक उचलू द्यायचा नाही.