मुरमावरचं घर

गवंडी खिडकीला आरसा टेकवून दाढी करत होता. चहा गाळता गाळता त्याची बायको लेकीवर ओरडली, "अगं, वेणी घालतेयस की दोर वळतेयस?" तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात मोजणीदार, मागे फीत धरलेला शिपाई आणि एक अवघडलेला अनोळखी माणूस.

"मिस्त्री, ही जागा यांनी विकत घेतलीय," मोजणीदार म्हणाला. "तुमचा प्लॉट पुढचा. घर रिकामं करून द्यावं लागेल."

"पुढे तर रस्ता आहे," लेक म्हणाली.

खरंच होतं ते. पूर्वी पुढचा प्लॉट गवंड्याचा होता, मागचा त्याच्या दोस्ताचा, न्हाव्याचा. न्हाव्याला दुकानासाठी रस्त्याची बाजू हवी होती. गवंड्याने मागे खणून पाहिलं, तर हातभर खाली टणक मुरूम. पायाला आणखी काय हवं? दोघांनी टाळी देऊन जागा बदलल्या. "आपल्यात कसला आलाय कागद!" बांधकामाचा परवानासुद्धा गवंड्याने आपल्या जुन्याच नंबरावर काढला, बघायला कोण येतंय? पुढे रस्ता रुंद झाला, दुकान गेलं. भरपाई गवंड्याच्या नावाने आली, ती त्याने जशीच्या तशी न्हाव्याच्या हातात ठेवली. मग न्हावीही गेला. परगावी राहणाऱ्या त्याच्या मुलाने बापाच्या नावावर दिसली ती जागा विकून टाकली.

"मी रीतसर खरेदीखत केलंय हो," अनोळखी माणूस कसनुसा म्हणाला. "कर्ज काढून. उताऱ्यावर जागा मोकळी होती."

"मोकळी?" गवंड्याची बायको गाळणी घेऊनच बाहेर आली. "मग आम्ही काय भुतं? बसा, भुताच्या हातचा चहा घ्या."

कोणी हसलं नाही. ती नवऱ्याकडे वळली. "गावभर लोकांच्या भिंती ओळंब्यात लावल्यात, आणि स्वतःचं घर दुसऱ्याच्या जमिनीवर!"

गवंड्याच्या अर्ध्या गालावर साबण सुकत चालला होता.

शिपायाने स्वयंपाकघरातून, अंथरुणांवरून फीत ओढत नेली. मोजणीदाराने उभ्याउभ्याच पंचनामा लिहिला.

"हरकत असेल तर कोर्टात जा, मिस्त्री. पण खरं सांगू? तोंडी अदलाबदल तिथे टिकायची नाही. करा सही."

गवंड्याने टॉवेलने हात पुसले, कागद वाचला, पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"साहेब, यात 'अतिक्रमण' लिहिलंय. तेवढं खोडा आणि 'घर' लिहा."