रविवारपर्यंत टिकणारं दार

टेकूराव हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते कामावरच्या लोकांनी ठेवलं, तेही पाठीमागे. पण कानावर आल्यावर राग येण्याऐवजी त्यांना ते पदवीसारखं वाटलं, आणि माणसाने स्वतःच्या थट्टेचीच पदवी करून घेतली की त्याला कोण काय करणार? एका मोठ्या हॉलमध्ये प्रदर्शनाचे स्टॉल उभे करणं हा त्यांचा जन्मभराचा धंदा. बुधवारी नुसती रिकामी फरशी, गुरुवारी सकाळी तिथे दुकानांची गल्ली, आणि रविवारी संध्याकाळी सगळं पुन्हा ट्रकमध्ये. या धंद्यात एकच प्रश्न विचारायचा असतो, रविवार संध्याकाळपर्यंत टिकेल ना? भिंत कलली, टेकू द्या. कमान डुलली, तार ओढा. फळी सरकली, पाचर ठोका. सोमवारी त्या फळीचं काय होईल याची काळजी करणारा माणूस तिथे वेडा ठरला असता. टेकूराव वेडे नव्हते. ते त्या हॉलमधले सगळ्यात हुशार गडी होते, आणि तीच पंचाईत होती, कारण ही हुशारी ते रोज घरी घेऊन यायचे.

त्यांच्या घरात एखादी वस्तू ‘तात्पुरती’ ठीक केली की ती कायमची तशीच राहणार हे समजून चालायचं. जेवणाच्या टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी होती, ती टेबलाइतकीच जुनी. कपाटाचं दार सायकलच्या ट्यूबने बांधलेलं. स्वयंपाकघरातली खिडकी लाकडी चमच्यावर उभी, आणि तो चमचा चुकून कुणी आमटीत घातला की खिडकी धाडकन खाली. पाहुणा आला की त्याला पाण्याआधी सूचना मिळायच्या. या खुर्चीवर डावीकडे झुकू नका. तो दिवा खालून ठोकला की लागतो. लोक दुसऱ्यांदा यायचे ते जरा जपूनच.

बायको शाळेत शिकवायची. पहिली-दुसरीच्या वर्गाला अर्धं आयुष्य दिलेली बाई, त्यामुळे एकच गोष्ट शंभरदा न चिडता सांगायची तिला सवय होती. तिने संसारात स्वतःसाठी म्हणून एकच हौस मागितली होती, न्हाणीघरात शॉवरला काचेचं दार. प्लास्टिकचा तो ओला पडदा अंगाला चिकटतो, त्याची तिला किळस यायची. दार आलं. जाड, स्वच्छ काच, भिंतीला दोन चकचकीत बिजागऱ्या. पहिले काही महिने ती बाई आंघोळ करून बाहेर यायची ती कुणीतरी सत्कार केल्यासारखी.

मग दार उतरलं. काचेला वजन असतं, स्क्रू सैल पडतात, यात कुणाचा दोष नाही. मोकळ्या बाजूचा खालचा कोपरा फरशीला घासायला लागला, तळाची रबरी पट्टी फाटली आणि पाणी बाहेर वाहू लागलं. बायकोने सांगितलं, “अहो, दार उतरलंय.” टेकूरावांनी एक डोळा मिटून दाराकडे पाहिलं, खिशातून पाचर काढली (त्यांच्या खिशात पाचर असायचीच, जशी दुसऱ्यांच्या खिशात रुमाल) आणि काचेखाली सरकवली. दार उचललं गेलं. “झालं,” ते म्हणाले. “तात्पुरतं.”

त्या दिवसापासून आंघोळ ही अंगमेहनतीची गोष्ट झाली. दोन्ही हातांनी मूठ धरायची, दार वर उचलायचं, खांदा लावायचा, पायाने पाचर बाजूला सारायची, आत शिरायचं, मग हेच सगळं उलट. बाहेर येताना पुन्हा, साबणाच्या हातांनी. जावई एकदा मुक्कामाला आला होता, तो बिचारा आत अडकला. भिडस्त माणूस, ओरडायचं कसं म्हणून बराच वेळ नुसता खाकरत राहिला. टेकूरावांनी बाहेरून शांतपणे सांगितलं, “उचला आणि ढकला. सोपं आहे.” जावई त्यानंतर सासुरवाडीला आला की आंघोळ घरून करून यायचा.

स्वतः टेकूराव बादली घेऊन बाहेरच्या नळाशी आंघोळ करायचे. त्यांना शॉवरची आवडच नव्हती. ही गोष्ट ते कुणाला सांगत नसत, आणि विचारायचं कुणाला सुचलं नाही.

वर्षं गेली. पाचर पाण्याने फुगायची, कुजायची, नवी यायची. आणि एके दिवशी शाळेत फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उचलला तर बाईंचा हात उचलेना. त्या खालच्या अर्ध्या फळ्यावर लिहू लागल्या. डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला आणि विचारलं, “रोज काही जड उचलता का?”

“हो,” त्या म्हणाल्या. “दार.”

डॉक्टरांना वाटलं बाई विनोदी आहेत.

घरी येऊन तिने आदळआपट केली नाही, ही टेकूरावांच्या दृष्टीने वाईट खूण होती. तिने बॅग भरली. लेकीचं घर शाळेपासून जवळच होतं. “मी तिकडे राहते,” ती म्हणाली. “दार एका बोटाने लागायला लागलं की फोन करा. त्याच दिवशी येते. तोवर नाही.”

“अगं, दारासाठी कुणी घर सोडतं का?”

“दारासाठी कुणी सोडत नाही. मला माझा खांदा हवाय,” ती म्हणाली आणि गेली.

टेकूरावांना आधी हे हलकंच वाटलं. त्यांनी पाचरीवर रबर चढवलं, छतापासून तार ओढून दाराच्या वरच्या कडेला आधार दिला आणि फोन केला, “लागतंय.”

“एका बोटाने?”

“जवळजवळ.”

तिकडून फोन ठेवला गेला. मग त्यांनी तारेला स्प्रिंग लावली. मग स्प्रिंगला वजन. न्हाणीघर सर्कशीच्या तंबूसारखं दिसू लागलं. एक फोन झाला, दुसरा झाला, आणि प्रत्येक वेळी शाळेतल्या बाईंनी तोच प्रश्न तितक्याच थंडपणे विचारला. घरात बोलायला कुणी नव्हतं. टेकूराव खिडकीखालच्या चमच्याशी बोलू लागले. त्यांना बायकोची आठवण येत होती, पण हे कबूल करणं म्हणजे सोमवारचा विचार करणं, आणि तो त्यांनी कधीच केलेला नव्हता.

शेवटी बाहेरचा नळ बंद पडला आणि त्यांना शॉवरखाली जावं लागलं. आंघोळ होत आली, आणि तार तुटली. वजन खाली आलं, पाचर सटकली आणि ती एवढी थोरली काच बिजागऱ्यांतून घसरून त्यांच्या अंगावर कलली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. सोडली तर कोपरा फरशीवर आपटणार आणि काचेचा चुरा होणार. अंगावर कपडा नाही, डोळ्यांत साबण, आणि हाक मारायला घरात कुणी नाही. दंड थरथरायला लागले. खांद्यातून एक कळ मानेपर्यंत गेली. ‘ही बाई हे रोज करत होती,’ त्यांच्या मनात आलं. ‘दोनदा.’ मग पायाने साबणाचा डबा ओढून त्यांनी कसाबसा काचेखाली घातला, टेकूच तो, आणि ओल्या अंगाने फरशीवर बसून राहिले.

अंग पुसून ते परत आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दाराच्या खाली न पाहता बिजागरीकडे पाहिलं. वरचं चकचकीत झाकण नखाने निघालं. आत षटकोनी खाचेचे दोन स्क्रू होते, खालच्या बिजागरीत तसेच दोन. त्याची वाकडी चावी त्यांच्या पिशवीत होती. तिनेच तर त्यांनी जन्मभर स्टॉल खोलले होते. त्यांनी काचेखाली पुठ्ठ्याचे थर देऊन ती हवी तेवढी उचलली. स्क्रू सैल केले, बिजागरीतली चेपलेली रबरं काढून नवी घातली, कडेला पाणसळ लावली, बुडबुडा मधोमध आला तसे स्क्रू आवळले, जपून, आलटून पालटून, काचेला ताण येऊ न देता. तळाला नवी पट्टी बसवली. पुठ्ठे काढले. दार जागच्या जागी राहिलं.

त्यांनी एक बोट लावलं. दार अलगद जाऊन चौकटीला मिळालं. त्यांनी उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. करंगळीनेही लागत होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते साबणाचं नव्हतं.

त्यांनी फोन लावला. “एका बोटाने,” ते आधीच म्हणाले. “शप्पथ. करंगळीने.”

बायको हसली. कित्येक दिवसांत ते हसणं त्यांनी ऐकलं नव्हतं. “खरंच? थांबा, बॅग काढते,” ती म्हणाली, आणि फोन पलंगावर ठेवून बोलता बोलता कपडे भरू लागली. संध्याकाळी येते म्हणाली. भाजी काय आहे विचारलं. फोडणीचं तेल संपलं असेल तर आणून ठेवा म्हणाली.

इथे टेकूरावांनी थांबायला हवं होतं. पण यशाने माणसाची जीभ सुटते, आणि हुशार गड्याला आपली हुशारी सांगितल्याशिवाय घास गिळवत नाही. “अगं, काही नव्हतंच त्यात,” ते म्हणाले. “चार स्क्रू आवळायचे होते. चहा निवायच्या आत झालं बघ.”

पलीकडचा कपड्यांचा आवाज थांबला.

“चार स्क्रू?” ती म्हणाली.

“चारच.”

“आणि चावी?”

“माझ्याच पिशवीत होती की.”

टेकूराव हॅलो हॅलो करत राहिले. अखेर लेकीचा आवाज आला.

“बाबा, आईला काय बोललात तुम्ही? ती बॅगेतले कपडे काढून परत कपाटात लावतेय.”

टेकूरावांनी घाईघाईने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. “हे बघ, तिला सांग, तसं ते फार अवघड होतं. दोन माणसांचं काम. दिवस गेला माझा. एवढं सांग, म्हणजे तात्पुरतं भागेल.”

“बाबा,” लेक म्हणाली, “फोन स्पीकरवर आहे.”