पोटानं रंग धरला नाही

आता माझ्या मूर्खपणाचं काय सांगू तुम्हाला. सांगतो, पण मधेच हसलात तर चहा परत घेईन.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये मी सत्तावीस वर्षं रंगाच्या मशीनवर. शाळा दुसरीपर्यंत, पण कापड बघून सांगायचो. रंग धरला, ताका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, पास. नाही धरला, रिजेक्ट.

पोटात जळजळ कायमची. दोष बायकोच्या मिरच्यांना. ताटावर बसलो की इंदूच्या फोडणीचा उद्धार. मग वजन उतरायला लागलं. माझा मोठा भाऊ पोटाच्या कॅन्सरनं गेलेला, त्याचंही असंच सुरू झालं होतं. माझी झोप उडाली.

डॉक्टर गुजराती, वयानं पोरगाच. म्हणाला, काका, नळी घालून आत निळा रंग फवारतो, धुतो, मग बघतो. म्हटलं, हे तर आमचंच काम. जरा धीर आला.

नळी घशात, डोळ्यांतून पाणी. तेवढ्यात तो नर्सला म्हणाला, "रंग क्यांय पकड्यो नथी."

कुठंच धरला नाही? म्हणजे अख्खा ताकाच खराब की.  नळी काढल्यावर मी उठून बसेपर्यंत तो दुसऱ्या पेशंटकडे गेलेला. रिपोर्ट उद्या. मीही विचारलं नाही. रिजेक्ट ताका कधी कारण विचारतो का?

बमरोलीला घरी आलो, लघवीला गेलो, तर हिरवी-निळी! बघा, धरला तर नाहीच, वर सुटायलाही लागला.

खाटेवर पडलो, बायकोला जवळ बसवलं. मरताना खोटं कशाला बोलायचं?

"इंदू, तुझ्या मिरच्यांचा काही दोष नाही. मी रोज मिलच्या गेटवर मिरचीभजी खातो. दोन प्लेटा. तुझा डबा दुसऱ्यांना वाटतो."

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात. डॉक्टरला म्हटलं, रंग धरला नाही ते मला कळलंय, लघवीतून सुटतोयही, किती दिवस उरले तेवढं सांग.  मग समजावलं त्यानं. पोटात उलटं असतं. बिघडलेली जागा निळा रंग धरून ठेवते, चांगली जागा धुतली की साफ. लघवीतून जातोय तोही तोच रंग, उद्यापर्यंत थांबेल.

"कॅन्सर नथी, काका. एसिडिटी छे. तळेलुं बंद."

इंदूनं डॉक्टरला हात जोडले, तिथंच रडली. रिक्षात मात्र माझ्यापासून सरकून बसली.

घरी ताट वाढलं. दुधीची भाजी, बिनतिखटाची. मी सवयीनं तोंड उघडलं, "ही काय भाजी..."

"किती प्लेटा म्हणालात?"

आजही ताटावर मी तोंड उघडलं की ती एवढंच विचारते. मी दुधी गिळतो.