भावनांचा तक्ता आणि पळी

आमच्या अहमदपूर तालुक्यातल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंचा मला हेवा वाटतो. मुलांच्या भावना हाताळण्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण लातूरला जाऊन मी घेतलं, सहा चेहऱ्यांचा रंगीत तक्ता वर्गात मी लावला, आणि मुलं रडायला जातात ती बाईंच्या चुलीपाशी. बाई तर कांदा चिरताना मान वर करून बघतही नाहीत.

चौथीतली आरती जरा बोबडं बोलते. राणी तिला ‘बोबडी’ म्हणायची, मग सगळा वर्गच म्हणू लागला. शेवटी आरती खिचडीच्या रांगेत येईना, उपाशीच बसू लागली. मी सहानुभूतीवर तास घेतला. सगळ्यात छान उत्तरं राणीनंच दिली.

दुपारी बाईंनी राणीच्या हाती पळी दिली. “आज तू वाढ. पन नाव घेतल्याबिगर कुणाला वाढायचं न्हाई.”

रांग संपली. खांबाआड आरती तेवढी उरली. राणी पातेल्यात नुसती पळी फिरवू लागली.

“खिचडी गार व्हायलीय,” बाई म्हणाल्या.

“आरती,” राणी पुटपुटली.

“तिला ऐकू गेलं न्हाई, माय.”

राणीनं मोठ्यानं हाक मारली. आरती ताट घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तर आपण होऊन रांगेत उभी राहिली.

पुढं शिक्षण खात्याच्या साहेबांनी यशस्वी उपक्रमाचा अहवाल मागवला. मी तक्त्याचा फोटो जोडून पाठवला. बाईंचं नाव लिहायला त्या नमुन्यात रकाना नव्हता. आखता आला असता. पट्टी समोरच होती.