दासीचं संस्कृत

सिद्धेश्वरी सोलापुरातल्या एका कॉलेजात संस्कृत शिकवायची. पुण्याच्या एका संशोधन त्रैमासिकाचं परीक्षणाचं कामही तिच्याकडे असे. आलेल्या लेखावरचं लेखकाचं नाव काढून संपादक तो तिला पाठवायचे. तिने अभिप्राय द्यायचा, आणि लेखकाला तिचं नाव कळायचं नाही. या कामात ती कडक म्हणून प्रसिद्ध होती.

गेल्या पावसाळ्यात आलेला एक लेख तिने दुसऱ्या पानावरच ओळखला. विषय एका जुन्या संस्कृत नाटकातल्या दासीचा होता. दासी सगळीकडे प्राकृत बोलते, एका प्रवेशात मात्र अचानक संस्कृत. लेखक म्हणत होता, ती संस्कृत बोलणाऱ्या राजाची नक्कल करतेय. अक्कलकोटच्या बाजारात कानडी बोलणारी भाजीवाली साहेबाची नक्कल करताना अशीच ठसक्यात मराठी बोलते.

हे महेश्वर सरांखेरीज कुणी लिहिलं नसतं. अक्कलकोटच्या शाळेतून निवृत्त झालेले सर. शाळा सुटल्यावर तिला घरी बसवून व्याकरण शिकवणारे, तिच्या वडिलांशी भांडून तिला कॉलेजात घालणारे.

खाली तळटीप होती. ‘हे संस्कृत म्हणजे पोथी उतरवणाऱ्या लेखनिकाची चूक, असं एका अलीकडच्या प्रबंधात म्हटलं आहे. ते बरोबर वाटत नाही.’

तो प्रबंध सिद्धेश्वरीचा होता. सरांचं म्हणणं खरं आहे, हे तिला तिथल्या तिथे कळलं.

अभिप्रायाच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, लेखक आपल्या परिचयाचे आहेत का? तिने ‘नाही’वर खूण केली. मग लिहिलं, ‘बाजारगप्पांना पुरावा म्हणत नाहीत. लेखकाला संशोधनाची शिस्त नाही आणि या वयात ती येईल असं वाटत नाही. त्यांनी शाळेतल्या मुलांना गोष्टी सांगाव्यात.’ ‘या वयात’ खोडावं असं क्षणभर मनात आलं. तिने ते तसंच ठेवलं.

दिवाळीनंतर एका सकाळी सर एसटीने सोलापूरला आले, थेट तिच्या घरी. हातात अभिप्रायाची प्रिंट होती.

“दोन वर्षं घातली बघ ह्यात,” ते म्हणाले. “आधी फॉन्ट जुना म्हणून परत आला, सगळा नव्याने टाइप करून घेतला. मग संदर्भ त्यांच्या पद्धतीत लावले. आणि आता हे. जरा समजावून सांग की.”

तिने चहा ठेवला. मग समोर बसून स्वतःचंच वाक्यन् वाक्य त्यांना समजावून सांगितलं.

“माझं वय कसं कळलं त्याला? नाव तर काढलं होतं.”

“लिहिण्यावरून कळतं, सर.”

सरांनी प्रिंटची घडी घातली. “एक सांगायचं होतं. लेखात तुझी एक चूक दाखवली होती. नाव घेतलं नाही, पण आधी तुला विचारायला पाहिजे होतं. राग मानू नको.”

“नाही मानला.”

“दुरुस्त करून परत पाठवू का?”

‘हो’ म्हटल्याने तिचं काहीच गेलं नसतं.

“नको, सर,” ती म्हणाली. “परत असंच काहीतरी येईल. तुम्हालाच त्रास होईल.”

“व्हय,” सर म्हणाले. “खरं आहे तुझं.” चहा अर्धा ठेवून ते उठले.

पुढे त्यांच्या बायकोचा, सावित्रम्मांचा फोन आला. सरांनी संस्कृतची पुस्तकं शाळेला देऊन टाकली होती. शिकायला पोरं आली की परत पाठवत होते. “तू एकदा येऊन बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतात.” सिद्धेश्वरी येते म्हणाली, आणि गेली नाही.

उन्हाळ्यात सर गेले. शोकसभेत सावित्रम्मांनी तिलाच बोलायला लावलं. ती सुरेख बोलली. सरांनी शब्दांकडे बघायला कसं शिकवलं ते सांगताना तिचा आवाज भरून आला, आणि तो खोटा नव्हता. सावित्रम्मांनी तिला जवळ घेतलं. “पोटच्या पोरीसारखं केलंस ग,” म्हणाल्या.

तिच्या पुस्तकरूपातल्या प्रबंधाची दुसरी आवृत्ती या वर्षी निघाली. त्यात दासी राजाची नक्कल करते, असं स्वच्छ लिहिलं आहे. पुण्याच्या परिषदेत अध्यक्षांनी या निरीक्षणाचं खास कौतुक केलं. हे सुचलं कसं, असं त्यांनी व्यासपीठावरूनच विचारलं.

“वाचता वाचता सुचलं,” सिद्धेश्वरी म्हणाली.