आईचा बसलेला फोटो

स्टुडिओवाला सातला शटर ओढणार होता, आणि पाच वाजून गेले तरी थोरलीला आईचा एक धड फोटो सापडत नव्हता. उद्या माणसं भेटायला येणार, भिंतीवर फोटो तर हवा. कपाट उपसून झालं, पलंगाखालची पेटी झाली, सगळ्यांचे मोबाइल झाले. फोटो ढीगभर, आई मात्र गैरहजर. एकात दारातून निसटणारा पदर, दुसऱ्यात कुठूनतरी आत घुसलेला, पळी धरलेला हात. खुद्द थोरलीच्या लग्नात नुसती पाठ. सगळ्यांना पाणी मिळालं का, ते बघायला निघालेली.

"ओळखपत्रावरचा चालेल की," धाकटा भाऊ म्हणाला. तो गॅरेजमधून तसाच आला होता, हाताचं ऑइलही न पुसता.

"बघ तरी तो. पकडून आणलेला चोर दिसतोय."

"दूध गॅसवर ठेवून गेली होती त्या दिवशी. तोंडावर दिसतंय सगळं."

थोरलीला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

आईच्या पायाला भिंगरी होती. नवी नवरी असताना सासू म्हणाली, "जरा टेक गं." "आलेच," म्हणून ही जी गेली, ते 'आलेच' तिला पन्नास वर्षं पुरलं. दोन पोरं, नवऱ्याचं दुखणं, मग पोरांची पोरं, सगळं उभ्याउभ्या निस्तरलं. जेवायचीसुद्धा ओट्याला टेकून. गुडघे बोलायला लागले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "आजी, आता बसून राहायचं." "बसून काय करू?" तिने विचारलं. त्यावर डॉक्टरांकडे औषध नव्हतं.

घरचं काम कमी पडायचं म्हणून की काय, शेजारच्या कुकरवरही तिचा कान असे. शेजारीण बँकेतून आली की कुकर लावून अंघोळीला घुसायची आणि शिट्ट्या मोजायची आई. तिसरी झाली की खिडकीतून हाक, "बंद कर गं!" आणि न्हाणीघरातून शेजारणीचं, "हो काकू." आई गेल्यावर शेजारणीचा भात दोनदा करपला. दुसऱ्यांदा तर ती करपलेलं भांडं हातात घेऊन यांच्याच दारात रडत उभी राहिली.

आणि ती दुपार. जेवणं आटोपल्यावर आई आपण होऊन आडवी झाली. घरात केवढं कौतुक. नातीला दटावून गप्प केलं, टीव्ही बंद केला, माहेरी आलेल्या थोरलीने दार हलकेच ओढून घेतलं. दिवेलागणीपर्यंत कुणी उठवलं नाही.

तेव्हापासून थोरलीचा पाय एका जागी ठरत नव्हता. तिला फोटो हवा होता तो बसलेलाच. आई जागेपणीसुद्धा कधीतरी निवांत बसली होती, एवढं तिला बघायचं होतं.

"आत्या, हा बघ," भावाची मुलगी मोबाइल घेऊन आली.

गेल्या वर्षीचा फोटो. सगळे दात दाखवून उभे, मध्ये खुर्चीत आई. एक हात खुर्चीच्या दांड्यावर, अंग पुढे झुकलेलं, तोंड उघडं, नजर खिडकीकडे. चेहरा जरा हललेला.

"मी म्हटलं, आजी, हलू नकोस. तर म्हणाली, थांब गं, दुसरी झाली."

"यात तर ती निघालीय," धाकटा म्हणाला.

थोरलीने बोटांनी फोटो मोठा केला. "अर्धी तरी बसलीय," ती म्हणाली आणि चपला घातल्या.

स्टुडिओवाल्याने नाक मुरडलं. "चेहरा हललाय, ताई. ओळखपत्र असेल ना? त्यावरचा चेहरा यावर चिकटवून देतो, कुणाला पत्ता लागणार नाही."

"आम्हाला लागेल. आहे तसाच द्या."

घरी आल्यावर धाकट्याने खिळा शोधायला अख्खं घर पुन्हा उपसलं. फोटो खुर्चीत ठेवला होता. "ताई, तू बस बघू आधी," तो ओरडला. थोरली बसली, फोटोच्या समोर, किती दिवसांनी.

पलीकडे शिट्टी झाली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. दुसरी झाली. तिने उगाचच फोटो सरळ केला. तिसरी झाली आणि कळायच्या आत ती खिडकीत होती.

"बंद कर गं, तिसरी झाली!"

पलीकडे नळाचा आवाज थांबला. मग सवयीने उत्तर आलं, "हो काकू."