डाव्या हाताच्या बांगड्या

म्हातारपणी माणसाचं कातडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं होतं, हे मला आईमुळे कळलं. खुब्याचं हाड मोडल्यावर तिला उचलणं-बसवणं घरात कुणालाच झेपेना, म्हणून दादाने आणि मी तिला हातकणंगल्याच्या रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. बाबा दादाकडेच राहिले. मी सुट्टीला जायचे आणि तिच्या अंगाला क्रीम लावायचे. पाणी कोमट हवं, साबण घासायचा नाही, टॉवेलने नुसतं टिपायचं. जन्मभर चुलीवरच्या कढत पाण्याने आंघोळ केलेल्या बाईला हे सगळे चोचले वाटायचे. "मी काय बाळंतीण हाय व्हय?" म्हणायची, आणि तरी पाय पुढे करायची.

एका रविवारी तिच्या डाव्या मनगटावर पट्टी दिसली. काचेची बांगडी टिचून तिच्या कडेने कातडी सोलली गेली होती. तिथल्या सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, या हातातल्या बाकीच्या बांगड्या काढायलाच पायजेत. सारख्या तिथंच घासत्यात, जखम भरायची कशी? आजी हात लावू देईनात. तुम्हीच सांगा की."

सांगा म्हणे. माझी जीभ रेटेना. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते आणि आईला ते माहीत नव्हतं. तिचं काळीज आधीच अधू, कशाला सांगायचं, असं दादा म्हणाला आणि मीही मान डोलावली. मग बाबांचे गुडघे धरलेत, फोनवर त्यांना ऐकू येत नाही, असं एकावर एक रचत गेलो. आमच्याकडे नवरा असताना बाई हात मोकळा ठेवत नाही. नवा चुडा भरतानासुद्धा कासार एखादी जुनी बांगडी हातात राहू देतो. अशा बाईला, काढ बांगड्या, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मला दादाचा भयंकर राग आला. तो मस्त घरी बसला होता.

"आई, जखम भरेपर्यंतच गं. मग नव्या भरू," मी म्हटलं.

"त्यांस्नी इचार," आई म्हणाली. "त्यांनी व्हय म्हटलं तर काढ."

दुसऱ्या दिवशी मी शिकवते ती शाळा सुटल्यावर थेट तिकडेच गेले. सिस्टरनी पट्टी सोडून दाखवली. कडा लालभडक झाल्या होत्या, मनगट सुजलं होतं. आईला साखरेचा आजार. ही जखम चिघळली तर हात कुठवर कापावा लागेल? मी तिच्या पलंगावर बसले आणि म्हणाले, "विचारलं. बाबा हो म्हणाले."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डावा हात माझ्या मांडीवर ठेवला. मी पंजाला क्रीम लावलं. हात इतका वाळला होता की बांगड्या जखमेला न लागता अलगद उतरल्या. मी त्या रुमालात ठेवल्या. सिस्टर औषध लावून, नवी पट्टी बांधून निघून गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं.

"आपरेशनच्या वक्ताला डाक्टर बांगड्या काढा म्हणाला," आई पट्टीकडे बघत म्हणाली, "तर ह्यांनी समद्यांसंगं भांडून वरनं कापड गुंडाळाय लावलं. ते आता व्हय म्हणतील?"

मी रुमालाची घडी घालू लागले.

"कवा गेलं?"

मी सांगितलं. सांगताना मलाच रडू फुटलं, ती कोरडीच होती. शेवटच्या दिवशी जेवले होते का, एवढंच तिने विचारलं. भाकरी-आमटी खाऊन झोपले होते, मी म्हणाले. तिने मान हलवली.

मग तिने उजवा हात पुढे केला. "ह्यातल्याबी काढ," म्हणाली. "हळू काढ. कातडी निघंल."